माजी सैनिकांच्या बाईक ग्रुपमध्ये यायचं असेल तर (नागपूरवाल्यांसाठी)

नागपुरात माजी सैनिक शोधायला लांब जावं लागत नाही भाऊ, कामठीला गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं सेंटर, वायुसेना नगरात एअरफोर्सची मेंटेनन्स कमांड, आणि रिटायर झाल्यावर कितीतरी जण इथंच घर बांधून राहिले. त्यातल्या बाईकवाल्यांचे छोटे छोटे ग्रुप असतात, गाडी तर चालवतातच पण फौजींच्या विधवांच्या घरी जाऊन पेन्शनच्या कामात मदत पण करतात, बोर्ड-बिर्ड काही नसतो, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. फौजी कॅन्टीनच्या लाईनमध्ये विचारा, ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांचा दवाखाना) औषधाला थांबलेल्यांना विचारा, कोणी ना कोणी सांगतंच. मी स्वतः सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलाचा, जबलपूरला ट्रेनिंगला असताना आमच्या कोअरच्या डेअर डेव्हिल्स या कसरती करणाऱ्या टीमच्या मोटरसायकली पाहिल्या तेव्हापासूनचं वेड आहे, त्यामुळे ग्रुपमध्ये पहिल्यांदा गेलो ते फक्त गाडी चालवायला.

कागदपत्रं फार लागत नाहीत. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते) किंवा माजी सैनिक ओळखपत्र दाखवायचं, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी चालू पाहिजे आणि आयएसआय मार्कचं हेल्मेट. फौजेत नव्हते पण वडील किंवा भाऊ होते, किंवा नुसतंच मनापासून काम करायचंय, तर तसं सरळ सांगा, बरेच ग्रुप घेतात. बुलेटच पाहिजे असं काही नाही, स्प्लेंडरवाले पण आहेत. फक्त फटाके फोडणारा सायलेन्सर आधी काढून टाका, आपण जातो त्या घरांमध्ये म्हातारी माणसं असतात.

आता मुख्य गोष्ट. जॉईन व्हायच्या आधी ग्रुपला एकच प्रश्न विचारा, मागच्या तीन महिन्यात कोणाकोणाच्या घरी गेले होते. ७ डिसेंबरला ध्वजदिन, २६ जुलैला कारगिल दिवस, तेव्हा झेंडे लावून रॅली सगळेच काढतात आणि काढायलाच पाहिजे, पण वीरनारीला गरज पडते ती मधल्या महिन्यांत. काटोल, नरखेड, भिवापूरकडच्या गावांत अशा कितीतरी आजी आहेत, नवरा फौजेत होता, आता फॅमिली पेन्शनवर घर चालतं आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पेन्शनचं काम आता स्पर्श पोर्टलवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या वेबसाईटवर गेलं, आजीकडे स्मार्टफोन नाही, आणि आयुष्यभर शेतात राबून बोटांचे ठसे इतके झिजलेले की मशीन घेतच नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून पण जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाईन हयातीचा दाखला होतो हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. दहा मिनिटांचं काम आहे बाप्पा, पण त्यासाठी कोणीतरी तिच्या अंगणात जाऊन बसलं पाहिजे.

नरखेडकडच्या एका काकूंच्या रेकॉर्डमध्ये नाव साधं होतं आणि आधारवर पुढे 'बाई' लागलेलं, जन्मतारीख पण वेगळी, तेवढ्यावरून पेन्शन अडकलेली. आम्ही पाच चकरा मारल्या, ॲफिडेव्हिट केलं, फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवले, शेवटी पैसे सुरू झाले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि तेव्हापासून मी एक पण रविवार चुकवला नाही. अशा वेळी फोटो काढायचा नाही. मदत घेतानाचा फोटो तर कधीच नाही, यावर मी कोणाचंच ऐकत नाही.

रक्तदान पण असतं. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांची लेकरं भरपूर, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असल्यामुळे डोनर मिळत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम उन्हाळ्यात कॅम्प धरतो. पुरुषांनी तीन महिन्यांचं आणि बायांनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं आणि रक्त दिल्यावर त्या दिवशी लांब गाडी चालवायची नाही.

वर्गणी द्यायची तर संस्थेच्या खात्यात, कोणाच्या पर्सनल यूपीआयवर नाही. नोंदणी आणि हिशोब मागायला लाजू नका, चांगला ग्रुप वही स्वतःहून समोर ठेवतो.

गाडी चालवायचं म्हणाल तर सुरुवात रामटेकपासून करा, ऑटोमोटिव्ह चौकातून निघून कामठी, कन्हान, मनसर, एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. लीडरला ओव्हरटेक करायचं नाही, सगळ्यात मागचा अनुभवी माणूस असतो आणि पंक्चरचं सामान, फर्स्ट एड त्याच्याकडे असतं. गाड्या एकाआड एक डावी-उजवी ठेवायच्या, समोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर, रस्ता अरुंद झाला की एका रांगेत. नवीन माणसाला आम्ही लीडरच्या मागेच ठेवतो, काहून का शेवटी राहिला की गॅप भरायला तो उगाच पळवतो आणि हायवेवर ट्रक थांबत नसतात. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरी.

दोन-तीन वेळा नुसते पाहुणे म्हणून या, माणसं कशी आहेत ते बघा, मग ठरवा. येताना टाकी फुल, पाण्याची बाटली, रेनकोट, आणि जवळचं वाचायचा चष्मा नक्की घ्या, जुन्या पेन्शन बुकातली अक्षरं लई बारीक असतात.