कांस साफ व्हायची तर एप्रिलमध्येच

बडोद्यात कांसांची, म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या नाल्यांची, पावसाळ्याआधीची साफसफाई मे महिन्यात जोरात सुरू होते, त्यामुळे आपला अर्ज एप्रिल अर्धा उलटायच्या आत वॉर्ड ऑफिसात पोचलेला हवा. जुलैत गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेल्या फोनवर पंप येतो, पण कांस काही तेव्हा उपसली जात नाही.

सगळ्यांत आधी पाण्याच्या खुणा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांवर गेली, त्याचा डाग ज्यांच्या भिंतीवर अजून आहे त्यांनी रंग काढायच्या आधी टेप लावून फोटो घ्यावा. टेपचा आकडा आणि घराचा नंबर एकाच फोटोत दिसू द्या. विजेचा मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहे, पिण्याच्या टाकीत गढूळ पाणी शिरलं का, हेही लिहून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी कधी आलं आणि कुठून आलं. त्या वर्षी गोकुळाष्टमीला पाऊस कोसळला, पण पाऊस ओसरल्यावरही पाणी चढतच राहिलं. ते नदीचं पाणी होतं, कांसेतून उलटं आलेलं. एरवी तासाभराच्या सरीत गेटपाशी तुंबतं ते आपलंच, पुढे वाट न मिळालेलं. या दोन गोष्टी अर्जात एकत्र केल्या की ‘नदीपुढे आम्ही काय करणार’ एवढंच उत्तर मिळतं, आणि जे काम खरोखर होण्यासारखं आहे तेही मागे पडतं. म्हणून दोन वेगळे परिच्छेद लिहायचे. वेळा आठवत नसतील तर फोनमधले त्या दिवसांचे मेसेज आणि व्हिडिओ काढा, त्यांवर तास-मिनिटं असतात. सयाजीरावांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या आजवा सरोवराची पातळी पावसाळ्यात पेपरात येते. त्या दिवसांची कात्रणं कुणाकडे असतील तर जोडू या. आजव्याचं जादा पाणी विश्वामित्रीतच येतं.

मग कांस पायी बघायची. सकाळी लवकर, तिघाचौघांनी, काठावरूनच. आत उतरू नका, मगरी नदीतून कांसेत शिरतात. आपलं पाणी शहरातल्या मोठ्या कांसांपैकी भूखीला मिळतं, मसियाला की रूपारेलला, हे नक्की करून घ्या. नाळ्याच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) तोंडाशी अडकलेला कचरा, बांधकामाचा राडारोडा, कुणी वर टाकलेला स्लॅब, मधून गेलेला पाइप, अशा प्रत्येक जागेचा फोटो आणि जवळची खूण हवी. मैल्याच्या गटाराची तक्रार यात घालू नका, तिच्यासाठी वेगळा कागद करा.

अर्ज गुजरातीत, एका पानाचा. सोबत वेऱ्याच्या (घरपट्टीच्या) बिलांच्या झेरॉक्स. सह्या सगळ्यांच्या, भाडेकरूंच्याही; पाणी त्यांच्याही घरात शिरलं होतं. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मागे एकदा आम्ही सगळं तोंडी सांगून, हो म्हणवून घेऊन परतलो होतो. पुढच्या वर्षी आम्ही आलो होतो याचा कागदोपत्री मागमूसही नव्हता, आणि तळमजल्यावरच्या काकूंचं कपाट दुसऱ्यांदा भिजलं. ते मला अजून लागतं.

बडोद्यात 19 वॉर्ड आणि 76 नगरसेवक, म्हणजे वॉर्डाला चौघं. प्रत चौघांनाही द्यायची, ओळखीच्या एकालाच नको. भेटायला जाताना बायकांनी पुढे असावं, हा माझा आग्रह आहे. गेल्या वेळी आम्ही सहा पुरुष गेलो, आणि पाणी उंबऱ्याला किती वाजता लागलं हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. दिवसा घरात होत्या त्यांनाच ते ठाऊक होतं.

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर आवक नंबर घेऊन खंडेराव मार्केटमधल्या मुख्य कचेरीत जायचं. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज: गुजरातमध्ये फी 20 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. विचारायचं एवढंच, की आपल्या भागातली कांस गेल्या वर्षी कोणत्या तारखेला साफ झाली आणि गाळ कुठे टाकला. काठावरच टाकलेला गाळ पहिल्याच पावसात परत आत जातो, म्हणून हा दुसरा प्रश्न गाळू नका.

रविवारी सकाळी सात वाजता गेटपाशी जमू. टेप आणि सह्यांचा कागद मी आणतो, वेऱ्याची बिलं तुम्ही आणा.