वर्गातली माशांची टाकी: आधी पाणी, मग मासे

प्राथमिक शाळेच्या वर्गात प्राणी पाळायचाच असेल, तर गप्पी मासे पाळावेत, असे माझे ठाम मत आहे. ससा आणि गिनीपिग मुंबईच्या उकाड्याने हैराण होतात, शिवाय शनिवार-रविवार त्यांना कुलूपबंद वर्गात ठेवता येत नाही. पोपट किंवा तारा कासव एखाद्या पालकाने कितीही हौसेने आणून दिले, तरी ते घेऊ नये, कारण आपल्याकडचे पोपट आणि तारा कासवे पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. दुकानात मिळणाऱ्या लहान विदेशी कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि तिसरीतल्या मुलांचे हात सतत तोंडात असतात.

टाकी साधारण ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची, म्हणजे ४० लिटरची घ्यावी. नुसत्या पाण्याचेच वजन ४० किलो होत असल्याने ती भक्कम टेबलावर आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी. स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरतो. मुंबईत हीटर लागत नाही.

आता पाण्याविषयी. पहिल्या वर्षी मी शुक्रवारी टाकी भरली आणि सोमवारी दहा गप्पी आणून सोडले. गुरुवारपर्यंत सहा मेले. दुकानदाराने सांगितले, "सगळे पाणी बदला आणि स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा." मी तसे केले आणि उरलेले चारही गेले. "बाई, आपण त्यांना कमी खायला दिलं का?" असे एका मुलीने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, जो माशांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, जे तितकेच घातक असते, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासे सहन करतात. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात. नव्या टाकीत ते नसतातच, आणि स्पंज नळाखाली धुतला की पाण्यातल्या क्लोरीनने, जे थोडेफार रुजले असतील तेही मरतात. म्हणजे मी माशांचा एकमेव आधार स्वतःच्या हाताने धुऊन टाकला होता.

म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की टाकी चालू करावी, पण मासे सोडू नयेत. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. कोणाच्या घरी जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिथला मळका स्पंज मागून आणून आपल्या टाकीत ठेवावा. दह्याला विरजण लागते, तसाच हा प्रकार आहे. थेंबांच्या चाचणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे (बहुतेक कागदी पट्ट्यांत अमोनियाची चाचणीच नसते). आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढते, आणि दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. याला चार ते सहा आठवडे लागतात. मुले रोज विचारतात, मुख्याध्यापिकाही विचारतात, तरीही थांबावे. चाचणीचे आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घेतले की त्यांचा धीर टिकतो.

आणखी एक धोका केवळ शाळेतच असतो. शनिवारी दुपारी शिपाईमामा मजल्याचा मेन स्विच बंद करतात. पंप थांबला की स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि सोमवारी आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. पंपासाठी कायम चालू राहणारा वेगळा सॉकेट आधी मिळवावा. तो मिळत नसेल, तर टाकीचा विचारच सोडावा.

सुरुवातीला तीन, नंतर हळूहळू आठपर्यंत मासे आणावेत, आणि तेही फक्त नर. एक जरी मादी आली तरी ती बहुधा आधीच गाभण असते आणि दिवाळीपर्यंत टाकी पिल्लांनी भरते. वाढलेले मासे नाल्यात किंवा तलावात सोडू नयेत.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळावा. हात घातल्यावर साबणाने धुवावेत.

खाद्याचा डबा कपाटात कुलपात राहिला पाहिजे. सोमवारी पाच छोट्या पुड्या बांधाव्यात, रोज एका मुलाला एकच पुडी द्यावी. शनिवार-रविवार मासे उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. दिवाळीच्या लांब सुट्टीत मात्र ज्या शिक्षिकेचे घर शाळेजवळ आहे, तिच्याकडे किल्ली आणि पुड्या सोपवाव्यात.