तीन पंथ, एक पेन ड्राइव्ह

ऐरोलीच्या ऑफिसात मॅकवाला म्हणजे शायनर, लिनक्सवाला म्हणजे काळ्या पडद्यात डोकं खुपसलेला आणि विंडोजवाला म्हणजे ‘थांबा, अपडेट चालू आहे’. टपरीवर चहासोबत हे खपतं. पण पेन ड्राइव्हवर फाइल जाईना की लगेच समोरच्याच्या मशीनला नावं ठेवू नका. बहुतेक वेळा घोळ फॉरमॅटचा, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीचा असतो.

एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) ड्राइव्ह मॅक वाचतो, पण मूळ सोयीत त्यावर लिहीत नाही. फॅट३२ तिघांनाही चालतो, मात्र ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल घेत नाही; लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. म्हणून तिघांनाही चालणारा आणि मोठ्या फाइली घेणारा एक्सफॅट फॉरमॅट घ्या.

आधी डेटा दुसरीकडे उतरवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. विंडोजवर ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. मॅकवर डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ करून अख्खा ड्राइव्ह निवडा, इरेज करा, फॉरमॅट एक्सफॅट आणि स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड ठेवा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक्सफॅट २०१९ सालच्या ५.४ आवृत्तीपासून आहे.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं. इजेक्ट न करता ओढून काढलात तर फाइल खराब होऊ शकते, मग मशीन कुणाचंही असो.

फाइलच्या नावात विसर्ग चालेल, कोलन आणि प्रश्नचिन्ह नको: ‘बिल मार्च?’ लिनक्स स्वतःच्या डिस्कवर निमूट ठेवून घेतं, विंडोज नाकारतं.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपतं आणि लिनक्सला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) बऱ्याचदा फक्त वाचता येतं.