पिकअपची न थांबणारी थरथर: दोष कसा शोधावा

रावेर-यावलकडची केळी वाहणाऱ्या पिकअपची थरथर चाकांचे बॅलन्सिंग करूनही थांबली नाही, तर सुटे भाग बदलण्याआधी ती नेमकी केव्हा येते ते पाहावे. उभ्या गाडीत रेस दिल्यावरही जाणवल्यास इंजिन ज्यांवर टेकलेले असते ते फाउंडेशन रबर, तर केवळ ब्रेक दाबताच स्टिअरिंग हलल्यास पुढची डिस्क तपासावी.

वेगाबरोबर वाढून सीटखाली जाणवणारी थरथर मात्र बहुधा मागील चाकांची किंवा प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या लांब दांड्याची) असते, आणि येथे घाई अजिबात करू नये. सपाट जागी, इंजिन बंद करून, चाके सरकू नयेत म्हणून त्यांना उटी लावून व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने हलवावा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या जोडातील अधिक-चिन्हासारख्या भागात) ढिलाई, त्याच्या कपाभोवती गंजाची तांबूस पूड किंवा शाफ्टला मधोमध आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे फाटलेले रबर दिसल्यास तो भाग बदलावा. शाफ्ट उतरवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर खूण करून घ्यावी, कारण तो फिरवून बसवला गेल्यास नवा क्रॉस टाकूनही थरथर राहू शकते.