गळतीची बातमी येण्याआधी उरकायची कामं

डेटा फुटतो तो बहुतेक वेळा आपल्या हातून नाही, ज्यांच्याकडे तो असतो त्यांच्या हातून. २०१७ साली इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवते. त्यातल्या कितीतरी जणांनी तिच्याकडे स्वतःहून काहीच दिलेलं नव्हतं, सावकारांकडून ते आपोआप पोहोचलं होतं. ज्या त्रुटीतून चोर शिरले तिची दुरुस्ती मार्चमध्येच मिळत होती, ती बसवली गेली नाही, आणि मे ते जुलै चोर आत होते. अशा वेळी तुम्हीआम्ही कितीही काळजी घेतली तरी काय उपयोग? म्हणूनच खालची कामं गळती थांबवण्यासाठी नाहीत. एका ठिकाणचं फुटलं तर ते तेवढ्यावरच राहावं, दुसऱ्या दाराची किल्ली त्यात सापडू नये, एवढ्यासाठी आहेत. क्रम मुद्दाम लावला आहे. मध्येच कंटाळा आला आणि सोडून दिलंत, तरी निकडीचं तेवढं झालेलं असेल.

सुरुवात ईमेलपासून करा, बँकेपासून नाही. बहुतेक खात्यांमधलं 'पासवर्ड विसरलात?' शेवटी ईमेलच्या दारातच येतं, त्यामुळे ते दार उघडलं की बाकीच्यांना कुलूप असून नसल्यासारखंच. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, हे आधी बघा. मग सेटिंगमध्ये शिरा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा पत्ता अजून तुमच्याच ताब्यात आहे ना? बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमचे कोड त्याच्याकडे जाऊ लागतात. त्यानंतर कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे ती यादी पाहा, ओळखीचं नसेल ते बाहेर काढा. आणि जिथे सहसा कुणी फिरकत नाही तिथे जा: फॉरवर्डिंग आणि फिल्टर. आत शिरलेला माणूस तिथे एक नियम लावून ठेवतो. अमुक शब्द असलेलं पत्र आलं की त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी आणि मूळ पत्र इनबॉक्समध्ये दिसूच नये, असा. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहू शकतो. तो हाताने काढावा लागतो. त्याच वेळी, खात्याला जोडलेली जुनी अॅप आणि खेळही तोडून टाका.

मग पासवर्ड. इथे सल्ला एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: प्रत्येक ठिकाणी वेगळा. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्स या ऑनलाइन फाइल साठवून देणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा दुसऱ्या साइटवरून चोरलेला पासवर्ड त्याच्या ड्रॉपबॉक्स खात्यालाही चालला. त्या खात्यात ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची फाइल होती. २०१६ मध्ये कंपनीच्या ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचे पत्ते आणि हॅश केलेले (म्हणजे मूळ रूप सहज परत काढता येऊ नये अशा अक्षरांत बदललेले) पासवर्ड बाहेर फिरताना दिसले. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तर नवल झालं. चोरांनी इतर गळत्यांमधले जुने पासवर्ड लावून पाहिले आणि साधारण १४,००० खाती उघडली. पण नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती दिसत होती. म्हणजे आपल्या आळसाची किंमत चुलत भावंडांनी मोजली.

एवढे पासवर्ड डोक्यात राहणार नाहीत, त्यासाठी सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारं अॅप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर घ्या. त्याचीही चोरी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे होते, साइटचे पत्ते मात्र तसे नव्हते. अशा वेळी सगळी मदार मुख्य पासवर्डवर असते. तेव्हा तो लांब ठेवा, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले पाचसहा शब्द जोडून. कवितेची ओळ नको, म्हण नको. तरीही मॅनेजर वापरावाच, असंच माझं मत आहे. तिजोरी फुटण्याची शक्यता आहे म्हणून पैसे उशीखाली ठेवायचे नसतात. 'दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला' हा जुना धाक मात्र मनातून काढून टाका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, बाकी सगळं तेच. बदलायचा तो फुटल्याचा संशय आला की, आणि त्याच दिवशी.

सुरक्षा प्रश्नांची खरी उत्तरं देऊ नका. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, हे सगळं कुणीही शोधून काढू शकतं. काहीतरी निरर्थक उत्तर द्या आणि ते मॅनेजरमध्ये लिहून ठेवा. पासवर्ड आठवावा म्हणून त्याची 'खूण' विचारली तर तिथेही प्रामाणिकपणा नको. २०१३ मध्ये अॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटा फुटला तेव्हा पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, खुणा मात्र साध्या मजकुरात होत्या. शिवाय एकसारख्या पासवर्डचं एन्क्रिप्ट झालेलं रूपही एकसारखंच होतं. तुम्ही खूण अगदी गूढ लिहिली असली, तरी तोच पासवर्ड असलेल्या दुसऱ्या कुणी 'कुत्र्याचं नाव' असं लिहिलं की दोघांचंही उघड.

आतापर्यंत काय काय फुटलंय ते पाहायचं असेल तर सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट विश्वासाची आहे. ईमेल पत्ता टाकला की तो कोणत्या गळत्यांमध्ये सापडला ते दिसतं. पासवर्ड तपासायची सोयही आहे. तो पासवर्ड तुमच्या ब्राउझरबाहेर जात नाही, त्याच्या हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं जातात आणि जुळवणी तुमच्याकडेच होते. बाकी कुठलीही साइट 'तुमचा पासवर्ड सुरक्षित आहे का पाहा' म्हणू लागली तर तिथे काही टाइप करू नका.

पासवर्डनंतर आणखी एक खात्री करून घेणारी दुसरी पायरी, म्हणजे टू-स्टेप, आधी ईमेलला लावा, मग पैशाच्या खात्यांना. एसएमएसने येणारा कोड अगदीच वाईट नाही, पण सिम दुसऱ्याच्या नावावर वळवून घेणारे लोक असतात. दर ३० सेकंदांनी नवा कोड दाखवणारं अॅप त्याहून बरं. सगळ्यात चांगली पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी डिजिटल किल्ली, कारण ती खऱ्या पत्त्याच्या साइटलाच प्रतिसाद देते. हुबेहूब बनवलेल्या खोट्या पानावर आपण फसू, ती फसत नाही. फोन हाताशी नसेल तेव्हासाठी बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. त्याचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवलात तर फोनबरोबर तोही गेला. आणि जुना फोन विकण्याआधी कोडचं अॅप नव्या फोनवर चालतंय ना, ते पाहा. हे काम लोक हमखास उलट्या क्रमाने करतात.

फोन आणि ब्राउझरचे अपडेट आपोआप होऊ द्या. त्यावर जास्त बोलायला नको.

आता खरा पसारा: जे साठवलंच नाही ते फुटत नाही. ईमेलच्या 'सेंट'मध्ये ओळखपत्र, पासपोर्ट, सही, स्टेटमेंट असे शब्द टाकून शोधा. भाड्याच्या घरासाठी, नोकरीसाठी, कुठल्याशा नोंदणीसाठी पाठवलेल्या प्रती वर्षानुवर्षं पडून असतात. त्या उतरवून एन्क्रिप्ट केलेल्या जागी ठेवा, मेलमधून पुसा, कचरापेटीही रिकामी करा. यापुढे ओळखपत्राची प्रत द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. क्लाउडवर 'लिंक असणाऱ्या कुणालाही' दिसेल असं काय काय खुलं ठेवलंय ते पाहा आणि काम संपलेलं बंद करा. न वापरलेली खाती नुसती विसरू नका, डिलीट करा. चॅटबॉटला विचारताना वैद्यकीय अहवाल किंवा करारपत्र जसंच्या तसं चिकटवू नका, नावं आणि क्रमांक आधी काढा.

ते काढतानाही जपून. पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढली की तो फक्त झाकला जातो, पुसला जात नाही. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदात हेच झालं. पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे पेस्ट केला की वाचता येत होता. तुमच्याही फाइलवर हाच प्रयोग करून बघा, पाठवण्याआधी. कापलेल्या चित्राचंही तसंच. २०२३ मध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र संपादन करणाऱ्या अॅपने कापलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग काही वेळा परत मिळवता येत होता. फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात, तेव्हा शेअर करताना स्थान काढून टाका.

राहिलं गळतीचं पत्र येईल त्या दिवसाचं काम. पत्रातल्या लिंकवर जाऊ नका, कारण खऱ्या बातमीमागोमाग खोटी पत्रंही येतात. पत्ता स्वतः टाइप करून साइटवर जा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट व्हा. तोच पासवर्ड कुठे उरला असेल तर तिथेही बदला. नेमकं काय गेलं ते वाचा: नुसता ईमेल पत्ता गेला असेल तर काही दिवस येणाऱ्या पत्रांकडे संशयाने पाहणं पुरतं, कार्ड गेलं असेल तर ते बंद करून नवं मागवा, ओळखपत्राचा क्रमांक गेला असेल तर आपल्या नावावर नवं कर्ज किंवा नवं सिम निघालं नाही ना, हे पुढचे बरेच महिने तपासत राहा. 'तुमच्याच सुरक्षेसाठी' म्हणून फोन करून कोड मागणाऱ्याला कोड देऊ नका, त्याला तुमचं नाव आणि जन्मतारीख ठाऊक असली तरी. ती त्याला या गळतीतूनच मिळालेली असू शकते. आणि कंपनीचं ते पत्र पुसू नका, पुढे तक्रार करायची झाली तर तारखेसकट लागेल.