लोकरीच्या गालिच्याला कसर लागली होती, असा वाचवला

आईने काश्मीरहून आणलेला लोकरीचा गालिचा नेरुळच्या घरी हॉलमध्ये सोफ्याखाली अर्धा जाऊन पडलेला असायचा, वरून रोज झाडायचो पण सोफा काही कधी हलवला नव्हता. गणपतीच्या साफसफाईत हलवला तर खालच्या भागात तळहाताएवढं टक्कल, लोकर गायब, खालचा सुती ताणाबाणा उघडा, आणि तपकिरी केसाळ बारक्या अळ्या व त्यांच्या कातीच काती. खरं सांगते, रडूच आलं.

खिडकीत मरून पडायचे ते बारीक ठिपकेवाले गोल किडे याच अळ्यांचे आईबाप, हे नंतर कळलं. खाते ती अळीच, लोकर, केस, पिसं असलं सगळं, आणि तेही अंधारात जिथे कोणाचा पाय पडत नाही तिथे.

आधी गालिचा उलटा करून मागून व्हॅक्यूम मारला, मग पुढून, कडा आणि झालर तर दोनदा, आणि पिशवी लगेच बाहेर टाकली नाहीतर अंडी घरातच राहतात. मग गच्चीवर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी झोडपून काढला. लहान आसन होतं ते प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरला. सोफ्याखालची फट, स्कर्टिंग, कपाटातल्या शाली पण तपासल्या, कारण नुसता गालिचा साफ करून ते परत येतात.

डांबरगोळ्या उघड्यावर ठेवून काही होत नाही हो, बंद पेटीतच उपयोग, आणि लहान मुलं असतील तर नकोच. आता दर महिन्याला सोफा सरकवतेच.