ख्याल, नाट्यगीते आणि अभंगांच्या सीडी संगणकावर कशा उतरवाव्यात आणि त्यांचे टॅग कसे भरावेत

सीडी रिप करण्याविषयी (म्हणजे संगणकावर उतरवण्याविषयी) जे मार्गदर्शन सहज हाती येते, ते जवळजवळ सगळे चार मिनिटांच्या गाण्यांचा संग्रह गृहीत धरून लिहिलेले असते. गायक एक, गाण्याचे नाव एक, अल्बम एक. सॉफ्टवेअरने महाजालावरून आणलेली माहिती स्वीकारली की काम झाले, असे त्यात सांगितलेले असते. ज्यांच्या कपाटात ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि अभंगांच्या सीडी आहेत, त्यांनी हा सल्ला पाळला तर शे-दोनशे सीडी उतरवून झाल्यावरही घरात असलेले सगळे यमन एका जागी सापडत नाहीत. हा लेख अशा संग्रहासाठी आहे, आणि त्यातली बरीचशी जागा टॅगिंगला, म्हणजे फाइलमध्येच राग, गायक वगैरे माहिती भरण्याला दिली आहे, कारण खरा घोळ तेथेच होतो.

प्रारंभ कोणत्या सीडींपासून करावा, हे ठरलेले असावे. छापील सीडी थांबू शकतात. घरी किंवा मित्राकडे ‘बर्न’ केलेल्या सीडी-आर थांबू शकत नाहीत. त्यांतील नोंद रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता व काळ यांनी तो थर निकामी होत जातो. खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे बहुधा अशाच सीडींवर असतात व त्यांची दुसरी प्रत कोठेही मिळत नाही. त्या आधी उतरवाव्यात. एमपी३ फायलींनी भरलेल्या सीडी विकत घेतलेल्या असतील तर त्या फायली जशाच्या तशा कॉपी कराव्यात. त्यांचे फ्लॅकमध्ये (आवाजातले काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइल-प्रकारात) रूपांतर करून गेलेला आवाज परत येत नाही, केवळ जागा अडते.

सीडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत न्यावे, गोल फिरवू नये. छापील बाजूला ओरखडा पडू देऊ नये, कारण ध्वनीची नोंद धारण करणारा धातूचा थर त्या बाजूच्या अगदी जवळ असतो.

सीडी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी आतली पुस्तिका ३०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावी. मुंबईत किंवा कोकण-गोव्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको; चार पावसाळे गेले की त्या चकचकीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना अक्षरे उखडून येतात. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मागे तानपुऱ्याला कोण, हे बहुतेक वेळा त्या पुस्तिकेतच असते.

उतरवणे

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. यांपैकी कोणतेही घ्यावे, ‘सिक्युअर’ पद्धत निवडावी आणि फाइल फ्लॅक प्रकारात ठेवावी. संगणकातील माहितीच्या सीडीवर चुका दुरुस्त करणारा जो जादा थर असतो, तो संगीताच्या सीडीवर नसतो. एखादा भाग वाचता आला नाही की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून तो भरून काढतो आणि त्याची वाच्यता करत नाही. सिक्युअर पद्धत असा भाग पुनःपुन्हा वाचून पाहते आणि शंका असल्यास तसे सांगते. इतरांनी त्याच सीडी उतरवल्यावर आलेले निकाल ज्यात साठवलेले असतात, त्या अ‍ॅक्युरेटरिपच्या कोशाशी निकाल जुळला तर उत्तमच. मात्र मराठी व शास्त्रीय संगीताच्या कितीतरी सीडी त्या कोशात नाहीत, आणि खासगी सीडी-आर तर असणेच शक्य नाही. अशा वेळी ‘नोंद सापडली नाही’ या संदेशाने घाबरून जाऊ नये. ‘टेस्ट अँड कॉपी’ हा पर्याय वापरून सीडी दोनदा वाचावी आणि दोन्ही वेळचा पडताळा-अंक (वाचलेल्या ध्वनीवरून काढलेला आकडा) एकच येतो का, ते पाहावे.

एमपी३ करून जागा वाचवावी, असे अजूनही कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये. एका सीडीची फ्लॅक साधारणतः ३०० ते ४०० एमबीमध्ये बसते. शिवाय ख्यालाचे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) हे भाग पुष्कळदा दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात, पण तानपुरा मध्ये थांबलेला नसतो. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचा छोटा तुकडा जोडला जातो आणि अनेक प्लेअरवर विलंबिताकडून द्रुताकडे जाताना तानपुरा क्षणभर तुटतो. फ्लॅकमध्ये असे होत नाही.

टॅग: येथे घाई करू नये

सीडीच्या आत, ध्वनीबरोबर, गाण्यांची नावे बहुधा नोंदलेलीच नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅकची संख्या व प्रत्येक ट्रॅक कोठे सुरू होतो हे पाहून एक ओळख-क्रमांक तयार करते आणि तो लोकांनी भरलेल्या सार्वजनिक कोशात शोधते. बारा-पंधरा ट्रॅकच्या सीडीला हा क्रमांक चांगला ओळखतो. ख्यालाच्या सीडीवर दोन किंवा तीनच ट्रॅक असतात, आणि ट्रॅक जितके कमी तितका दुसऱ्याच कोणत्या सीडीशी घोटाळा होण्याचा संभव अधिक. फ्रीडीबी हा जुना कोश २०२० मध्ये बंद झाला, पण त्यातील नोंदी ग्नूडीबीने पुढे चालू ठेवल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांतल्या चुकाही. त्या नोंदींमध्ये एकच राग रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलेला आढळतो आणि गायकाच्या रकान्यात कधी गायक, कधी संगीतकार, कधी ध्वनिमुद्रिकेच्या कंपनीचे नाव असते. म्युझिकब्रेन्झचा कोश अधिक शिस्तीचा आहे, पण मराठी संग्रहापैकी फार थोडे तेथे सापडते. माझे स्पष्ट मत असे आहे की या संगीतासाठी आपोआप येणारी माहिती बंद ठेवावी आणि पुस्तिका समोर ठेवून रकाने हाताने भरावेत. विंडोजवर व मॅकवर एमपी३टॅग या कामाला पुरेसे आहे; फ्लॅकचे टॅगही त्यात भरता येतात.

पहिला प्रश्न रागाचा. रागासाठी तयार रकाना कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो, म्हणून लोक राग शीर्षकात कोंबतात आणि मग तो शोधण्याची सोय राहत नाही. फ्लॅकमध्ये हवा तो नवा रकाना तयार करता येतो. रकान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, आतला मजकूर मात्र देवनागरीत चालतो. राग, ताल आणि समय असे तीन रकाने पहिल्या सीडीपूर्वीच निश्चित करावेत, कारण शंभराव्या सीडीला नवा रकाना सुचला की आधीच्या नव्व्याण्णव पुन्हा उघडाव्या लागतात. फोनवरची बहुतेक अ‍ॅप असे खास रकाने दाखवत नाहीत, म्हणून राग शीर्षकातही लिहावा आणि तो नेहमी प्रथम लिहावा: ‘यमन – द्रुत तीनताल – एरी आली पियाबिन’. आधी ‘राग’ हा शब्द लावू नये, नाहीतर अकारविल्हे यादीत सगळेच ‘र’खाली गोळा होते. मिश्र खमाज हा मिश्र खमाजच लिहावा, तो खमाजात ढकलू नये.

समय या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण रोजच्या ऐकण्यात त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. ललत आणि तोडी सकाळ, भीमपलास व मुलतानी दुपार, मारवा आणि पूरिया धनाश्री सायंकाळ, बागेश्री व मालकंस रात्र, असे भरून ठेवले की सकाळी सहा वाजता सकाळचेच राग एका यादीत मिळतात. मल्हाराच्या प्रकारांना समयाऐवजी ‘वर्षा’ लिहावे.

ताल पुस्तिकेत दिलेला नसेल तर ठेका ऐकून मात्रा मोजाव्यात. झपताल १०, एकताल १२, झूमरा १४; तीनताल आणि तिलवाडा दोन्ही १६, म्हणून तेथे बोल ओळखता यायला हवेत. विलंबित एकतालात एकेक मात्रा इतकी लांबवलेली असते की नवखा श्रोता ४८ मोजून गोंधळतो. सम (तालाची पहिली मात्रा) कोठे येते ते बंदिशीच्या मुखड्यावरून पकडावे. खात्री नसल्यास रकाना रिकामा सोडावा. रिकामा रकाना कधीही भरता येतो, पण चुकीचा ताल एकदा लिहिला की तो कोणी तपासत नाही.

गायकाच्या रकान्यात फक्त नाव लिहावे. पंडित, उस्ताद, विदुषी, गानसरस्वती ही बिरुदे तेथे घालू नयेत. यात अनादर नाही. एका सीडीवर ‘पं. भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि तिसरीवर ‘भारतरत्न’ लावून तेच नाव असते, आणि संगणकाच्या दृष्टीने ते तीन वेगळे गायक होतात. जुगलबंदीत दोन नावे स्वल्पविरामाने जोडू नयेत; फ्लॅकमध्ये तोच रकाना दोनदा भरता येतो, तसा भरावा. साथीदारांसाठी ‘परफॉर्मर’ हा वेगळा रकाना आहे. तेथे नाव आणि कंसात वाद्य लिहावे. एखाद्या तबलावादकाने कोणाकोणाला साथ केली आहे, हे आपल्याच संग्रहातून समोर येते तेव्हा या मेहनतीचे चीज होते.

रचनाकाराचा रकाना पुष्कळजण मोकळा सोडतात किंवा सरसकट ‘पारंपरिक’ लिहून टाकतात. ख्यालात रचनाकार पुष्कळदा स्वतःच आपले नाव सांगून गेलेला असतो. अंतरा कान देऊन ऐकावा. ‘सदारंग’ म्हणजे महंमदशहाच्या दरबारातले नियामत खाँ, ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाझ खाँ, ‘गुनिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. अशी मुद्रा (बंदिशीत गुंफलेले रचनाकाराचे नाव) ऐकू आली की ती रचनाकाराच्या रकान्यात लिहावी. ती नसेल आणि पुस्तिकेतही नाव नसेल, तरच ‘पारंपरिक’ म्हणावे.

नाट्यगीते आणि अभंग यांना तीन नावे लागतात आणि ती वेगवेगळ्या रकान्यांत जायला हवीत. नामदेवांचा अभंग, चाल राम फाटकांची, आवाज भीमसेन जोशींचा: यात गीतकार, संगीतकार व गायक हे तिन्ही रकाने भरतात. गीतरामायणाच्या बाबतीत ही शिस्त नसेल तर मोठा गोंधळ होतो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीते निरनिराळ्या गायकांच्या आवाजांत प्रसारित झाली, आणि सुधीर फडके यांच्या स्वतःच्या आवाजातला संच वेगळा आहे. गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजी (म्हणजे फडकेच) ही दोन नावे दोन्हींवर असतात, म्हणून गायकाचा रकाना अचूक नसेल तर दोन्ही संच एकमेकांत मिसळतात. संचातील प्रत्येक सीडीला वेगळे अल्बम-नाव देऊ नये. नाव एकच ठेवून डिस्क क्रमांकाचा रकाना भरावा.

वर्षाच्या रकान्यात सीडी निघाली ते वर्ष लिहिण्याची चूक सर्वत्र दिसते. १९९०च्या दशकात निघालेल्या कितीतरी सीडींवर त्याआधीच्या एलपी किंवा ७८ गतीच्या तबकड्याच पुन्हा आल्या आहेत. तीन-साडेतीन मिनिटांचा ख्याल दिसला की तो मूळचा तबकडीचा आहे, असे समजावे. वर्तुळातील ‘पी’ या खुणेपुढचे वर्ष ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचे असते, वर्तुळातील ‘सी’ पुढचे वर्ष मुखपृष्ठ व मजकुराचे. पहिले वर्ष घ्यावे. मूळ ध्वनिमुद्रणाचे साल पुस्तिकेत सापडले तर तेच घ्यावे.

‘जॉनर’च्या रकान्यात ‘वर्ल्ड’ किंवा ‘इंडियन क्लासिकल’ ठेवू नये. ख्याल, ध्रुपद, ठुमरी, नाट्यगीत, अभंग, भावगीत यांपैकी जे असेल ते लिहावे.

आता देवनागरीचा प्रश्न, ज्याने मला सर्वांत अधिक छळले. ‘साऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक टाइप करून शोधले तर दुसरा सापडत नाही. ‘अ‍ॅ’ची तीच गत. ‘मियाँ’ आणि ‘मियां’, ‘मारुबिहाग’ आणि ‘मारू बिहाग’, ‘भीमपलास’ आणि ‘भीमपलासी’ हे भेद निदान डोळ्यांना तरी दिसतात. यावर उपाय एकच आहे. साध्या मजकुराची एक फाइल करावी, तीत राग, ताल, गायक, वादक, संगीतकार यांची नावे एकदाच काळजीपूर्वक लिहावीत, आणि रकाना भरताना नाव पुन्हा टाइप न करता त्या फाइलमधूनच उचलून चिकटवावे. नवे नाव आले तर आधी यादीत, मग रकान्यात. यादी फोनवरून आणि संगणकावरून अशी दोन्हीकडून भरू नये, कारण दोन कीबोर्ड दोन प्रकारची अक्षरे देतात.

फाइलचे नाव मात्र आखूड असावे. लिनक्सवर आणि घरच्या अनेक साठवण-यंत्रांवर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हीही वेगळी चिन्हे धरली जातात, म्हणून ८५ चिन्हे झाली की नाव संपते. ट्रॅक क्रमांक आणि राग, एवढे पुरे. बाकी सगळे टॅगमध्ये आहेच.

उरलेले

मुखपृष्ठाचे चित्र फाइलमध्ये आणि पुस्तिकेचे स्कॅन त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. त्यासाठी पेनड्राइव्हवर रोमन टॅगची वेगळी एमपी३ प्रत करावी, मूळ फाइलला हात लावू नये.

संपूर्ण संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये तिच्या ध्वनीचा पडताळा-अंक साठवलेला असतो. टॅग कितीही बदलले तरी तो बदलत नाही. वर्षातून एकदा फ्लॅकच्या चाचणीची आज्ञा दोन्ही डिस्कवर चालवावी, आणि जी फाइल एकीकडे बिघडलेली आढळेल ती दुसरीकडून लगेच बदलून घ्यावी. नावांची ती यादीही दोन्ही डिस्कवर ठेवावी. मूळ सीडी यानंतरही टाकून देऊ नयेत. त्या उभ्या, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवाव्यात.